मकरंदचा धडा

नारळ फुटला, पेढे वाटून झाले, तरी नवी वेबसाइट सुरू करायचं बटण कुणी दाबेना.

"क्लायंट फोनवर खोळंबलाय, मॅडम," पल्लवी म्हणाली.

"मग दाब की!"

"मी? नको बाई!"

वेब-स्टुडिओची मालकीण हेमांगी चिडून पुढे झाली. माऊसवर ठेवलेलं बोट तिनंही लगेच मागे घेतलं. डोळ्यांपुढे तेच: घाईत दाबलेलं बटण आणि क्षणात पुसल्या गेलेल्या एका क्लायंटच्या साऱ्या ऑर्डरी. ते बटण तिनं नव्हे, तेव्हा इथं कामाला असलेल्या मकरंदनं दाबलं होतं. त्यानंतर स्टुडिओची नव्यानं घडी बसवताना तिनं ती आठवण त्याच्या मेंदूतून काढवून स्वतःसकट सगळ्यांच्या मेंदूत घालून घेतली, म्हणजे पुन्हा तशी चूक व्हायला नको. मग मकरंदला कायमचं घरी पाठवलं.

बऱ्याच येरझाऱ्या घातल्यावर तिनं त्यालाच फोन लावला.

"जरा येतोस? एक बटण दाबायचंय."

"एवढंच? आलोच!" तो मोकळं हसला. मग अडखळला. "मॅडम, मला काढलंत ते कशासाठी हो? खरंच आठवत नाही."

हेमांगीला सगळं लख्ख आठवत होतं.

"चूक माझ्या हातून झाली होती रे," ती म्हणाली. तिला ते अगदी खरं वाटत होतं.