बारीक भोकांची जाळी

मुलांनो, समजा, तुमच्या हातात कुरडयांचा सोऱ्या आहे आणि त्याला अगदी बारीक भोकांची जाळी बसवली आहे. आता दाबून बघा बरं.

गच्चीवर नऊ वर्षांची रेवा नेमकी तेच करत होती. इंदूआत्या कठड्याला टेकून बसली होती. दोन जिने चढतानाच तिचा जीव मेटाकुटीला आला होता. सकाळीच डॉक्टर रेवासमोर तिला रागावले होते. ते म्हणाले, शरीरातलं अँजिओटेन्सिन नावाचं संप्रेरक रक्तवाहिन्या आवळतं, रक्तदाब चढतो आणि अरुंद वाटेतून रक्त ढकलून ढकलून हृदय दमतं. गोळी या अँजिओटेन्सिनला आवर घालते. आत्याने मात्र बरं वाटताच गोळ्या गुळाच्या डब्यामागे सारल्या होत्या.

“आत्या, हात गेला गं माझा! चीक बाहेरच येत नाही.”

“अगं वेडे, नुसता जोर किती लावशील? जाळी बदल, मोठ्या भोकांची लाव. हाताला कशाला शिक्षा?”

रेवाने जाळी बदलली. कुरडई प्लास्टिकवर सरसर उतरली. रेवा आत्याकडे वळली.

“मग तू तुझ्या हृदयाला कशाला शिक्षा देतेस?”

“रोज रोज कंटाळा येतो गं,” आत्या पुटपुटली.

रेवाने सोऱ्या खाली ठेवला. धावत जाऊन तिने गुळाच्या डब्यामागची गोळ्यांची पट्टी आणली आणि आत्याने गोळी गिळेपर्यंत ती पाण्याचा पेला धरून समोर उभी राहिली.