तिरका तडा

सुयशनं तुळईचा मोडका तुकडा सभामंडपाच्या पायरीवर आदळला.

“बघा! कॉलेजच्या यंत्रावर वजन चढवलं, तिरका तडा गेला अन् फाडकन दोन तुकडे. इशारा नाही, काही नाही. धागे असते तर तडा गेल्यावरही त्यांनी दोन्ही बाजू धरून ठेवल्या असत्या. इथं एक धागा सापडत नाही! असल्याच मालाच्या गॅलरीत उद्या बायका कीर्तनाला बसणार?”

गाव सिन्नरजवळचं, सुयश गावचाच. नाशकात इंजिनिअरिंग शिकवायचा. काँक्रीटमध्ये घालायचे बोटभर लांबीचे पांढरे धागे त्यानंच पिशवी भरून आणून दिले होते. देवळाची गॅलरी ओतण्याआधी चाचणीची तुळई इथंच, महिन्यापूर्वी, ओतली होती.

विश्वस्त रावजींनी मुकादमाकडे पाहिलं. “सहादू, पिशवी कुठं इकली?”

सहादूच्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षं तो कीर्तनात बुवांच्या मागं टाळ घेऊन उभा राहिलेला. बुक्का लावल्या कपाळानं देवाचा माल खायचा?

“रावजी, या हातांनी सिमेंट-वाळूच्या कोरड्या ढिगात धागे वतले. मगच खडी आणाया गेलो. माळेची आण!”

“मग काय सावरीच्या कापसागत उडून गेले? आजपासून टाळाला हात लावायचा नाय.”

खांबाच्या खिळ्याला टाळ लटकत होते. सहादूनं ते काढले, कपाळाला लावले आणि रावजींच्या पायाशी ठेवले.

पलीकडं सखुबाई वाळू चाळत होती. देवाचं काम म्हणून ती चपला लांब काढून ठेवायची, वाळूत काडी दिसली तरी वेचायची. चाळण टाकून ती तरातरा आली. वाटेत भिंतीच्या कोनाड्यातलं गाठोडं ओढलं आणि सुयशपुढं भिरकावलं. पांढरे धागे पायरीभर पसरले.

“नैवेद्यात एक केस निघाला तर ताट माघारी धाडता ना रं? आन देवाच्या घरात हे ओंजळ-ओंजळ केस? भाऊ खडी आणाया गेले तवा समदे चाळून काढले मी!”

मग ती सहादूकडं वळली. आवाज एकदम खाली आला.

“भाऊ, तुमी टाकताना पाह्यलं व्हतं मी. पर तुमचं नाव खराब व्हऊ नये, म्हनून महिनाभर तोंड दाबून बसले.”