चौथं धरण

इंजिनिअर देसांकानं तीन धरणांची यंत्रणा बेलग्रेडच्या मुख्यालयाला जोडली होती. उरलं होतं चौथं, जिथं तिचे वडील कामाला होते. ते जोडलं की पाणी, दारं सगळं तिकडूनच दिसणार, तिकडूनच चालणार आणि वडिलांसकट इथले पाचही जण घरी बसणार. सकाळी ती इथं आल्यापासून तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. वडिलांनी मात्र कॉफी आणली. "बाबा, जमत नाही म्हणून कळवते." "मग परवा दुसरा येईल. त्याला मी कॉफी देणार नाही." "मस्करी नको." "पोरी, दोघंही घरी बसलो तर तुझी आई आपल्याला हाकलेल." तरी तिचा हात हलेना. शेवटी त्यांनीच तिच्या हातावर हात ठेवून जोडणीचं बटण दाबलं. पडद्यावर आकडे धावू लागले. बेलग्रेडहून फोन आला. सवयीनं वडिलांनी उचलला. "चौथं धरण दिसलं!" साहेब ओरडला. "तिथं अजून कोण आहे?" वडिलांनी सहकाऱ्यांकडे पाहिलं. "कुणी नाही."