पाकट की कोआला

ग्रामसभेत कोआला मादीला एकवीस मतं पडली आणि पाकट माशाच्या मादीलाही एकवीसच. दोघींच्याही जाती संपत आलेल्या, पण गाव एकीलाच पोसू शकत होतं. दुसरीला शंभर वर्षांसाठी शीतपेटीत झोपवायचं ठरलं होतं.

"कोआला पोराला पिशवीत सांभाळते," सरपंच म्हणाले.

"पाकट पोटात सांभाळते, अण्णा," उल्का तांडेल म्हणाली. तिनेच तिला जाळ्यातून सोडवून टाकीत वाढवलं होतं. "आणि झोपायचंच असेल, तर कोआलाला सवय आहे."

नियमाप्रमाणे उमेदवार प्राण्यांनाही एकेक मत होतं. भाषांतरयंत्रातून पाकट म्हणाली, "माझं मत मलाच."

कोआला झाडावर घोरत होती. मतदान पाचला संपणार होतं. उल्काने सगळ्यांना चपला काढायला लावल्या आणि शिडीवर चढून ती कोआलाला पदराने वारा घालू लागली.