टायरची मगर

गुंडू तळ्यावर पोचला तेव्हा दोनशे पाणकावळे विजेच्या तारांवर ओळीनं बसले होते आणि एकही आवाज करत नव्हता.

तो बांधावरच थांबला. पाण्याला धुकं चिकटलं होतं. जानेवारीतलं कोवळं ऊन उसाच्या तुऱ्यांवरून नुकतं खाली उतरत होतं. पाण्यात एकही पाखरू नव्हतं. वर्षभरात पहिल्यांदाच.

ही जमीन उसाला पाणी पाजून पाजून खारवली होती. पांढरी पडली, गवतही उगवेना, तेव्हा गुंडूनं तळं काढलं आणि कटला, रोहू सोडले. मासे वाढले. मग पाखरांना कळलं.

वर जाळं ताणायची सोय नव्हती. तळ्याकडं यायची एकुलती एक वाट नेमगोंडा अण्णांच्या उसातून होती आणि अण्णांची अट एकच होती : पाखरू अडकून मेलं, की वाट बंद.

म्हणून मगर. जयसिंगपुरातून ट्रकचे जुने टायर आणून गुंडूनं महिनाभर बसून ती शिवली होती. नऊ फूट. डोळ्यांना गोट्या. जबडा उघडा राहावा म्हणून आत बाभळीची काठी. पहिले चार दिवस पाखरं भ्याली. पाचव्या दिवशी तिच्या पाठीवर बसून पंख वाळवायला लागली. तेव्हापासून नियम पडला : मगर रोज दुसऱ्या काठाला हलवायची आणि पाठीवरची शीट खराट्यानं धुवायची, नाहीतर ती पट्ट्यापट्ट्याची दिसते. गुंडू नसला तर हे काम त्याच्या बायकोचं, अंबूबाईचं.

एवढं करूनही पाखरं हटत नव्हती. दोन दिवस गुंडू जोतिबाला जाऊन राहिला होता. देवाला म्हणाला, यंदा जमलं तर जमलं, न्हायतर तळं बुजवून कागलला वॉचमन होतो. आज पहाटेच्या एसटीनं उतरला तो घरी न जाता थेट इकडं आला.

मगर उगवतीच्या काठाला होती. चिखलात निम्मी बुडालेली. पाठीवर शीटचा एक शिंतोडा नव्हता.

अंबूबाईनं काम चोख केलं होतं. चिखलाची युक्ती आपल्याला कशी सुचली नाही, याचं गुंडूला जरा वाईटच वाटलं.

"जाळं टाकलंस व्हय रं?" मागून आवाज आला. नेमगोंडा अण्णा उसातून बाहेर आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात चहाचा थर्मास. भांडायचं झालं तरी ते चहा घेऊनच येत.

"न्हाय अण्णा. तुमची आण."

"मग पाखरं कुठायत?"

गुंडूनं वर बोट केलं.

अण्णांनी तारांकडं बघितलं. मग पाण्याकडं. मग मगरीकडं. बराच वेळ बघितलं. मग डोक्यावरची टोपी काढली, देवळात काढतात तशी.

"हे तुझ्या हातचं?"

"व्हय की."

"सत्तर वर्षं झाली मला," अण्णा म्हणाले, "इतकी पाखरं इतकी गप कधी बघितली न्हाईत."

दोघं मगरीला टेकून बसले. अण्णांनी चहा ओतला. कप ठेवायला सपाट जागा नव्हती म्हणून मगरीच्या पाठीवर ठेवले. खवल्यांच्या खाचेत बरोबर बसले.

"गार हाय," अण्णा हात फिरवत म्हणाले.

"थंडीत रबर गारच पडतंय."

"वास मारतंय."

"टायर हाय अण्णा. अत्तर कुठनं येणार?"

अण्णांनी मान डोलावली. "पाखरांचं तरी काय चुकतंय म्हणा. आम्ही पोरं हुतो तवा नदीत हात घातला की मासा लागायचा. आता नदीत ऱ्हायलंय काय? जिथं खायला मिळंल तिथंच जनावर येणार."

"माझ्याच तळ्यात यायला पायजे व्हय?"

"दुसरं हाय कुठं?"

गुंडूनं खाद्याची मूठ पाण्यात फेकली. रोज मासे पायापाशी उसळायचे. आज सगळे पलीकडच्या कोपऱ्यात दाटीवाटीनं उभे होते, पाणी तिथं काळं दिसत होतं. पाखरांनी धसका दिलाय बिचाऱ्यांना, गुंडूला वाटलं. होईल सवय.

अण्णांचा कप कलला. गुंडूनं तो सरळ केला.

"उतार हाय जरा," तो म्हणाला.

चहा संपत आला. धुकं विरलं. ऊन मगरीच्या शेपटीपासून वर सरकत मानेपर्यंत आलं आणि चिखल वाळून तिचा एकेक खवला उठून दिसायला लागला. गुंडू बघतच राहिला. आपल्या दाभणात एवढी कला होती हे त्याला आजच कळत होतं.

शेवटी अण्णा उठले. "पाखरू मारलं न्हाईस आणि मासा राखलास. वाट तुझी. माझ्या माघारी पोरंबी अडवणार न्हाईत, सांगून ठेवतो."

गुंडूनं रिकामे कप उचलले. कागल रद्द झालं होतं. काहीतरी करायला पाहिजे म्हणून तो मगरीपुढं जाऊन बसला. तेव्हा त्याला दिसलं की जबडा मिटलाय.

"काठी निसटली बघा आतली. एवढंच ऱ्हायलं."

त्यानं कुंपणाची बाभळ मोडली, वीतभर तुकडा काढला, गुडघे टेकले आणि वरच्या जबड्याखाली बोटं घातली. जबडा जड होता. त्यानं दुसरा हातही घातला.

उसाच्या वाटेवर हॉर्न वाजला. अंबूबाईचा भाऊ पिराजी शाळेत शिपाई होता, त्याचा टेम्पो बांधाला येऊन थांबला. मागच्या हौद्यात दोरखंडानं काहीतरी काळं, लांब बांधलं होतं. गळ्यात झेंडूचा हार होता आणि तोंड आभाळाकडं उघडं होतं.

"दाजी, गॅदरिंगात लई टाळ्या पडल्या तुमच्या मगरीला," पिराजी दोर सोडत म्हणाला. "आज कुठल्या काठाला ठिवू?"