खिशातला चमचा

केझिया रोज मुद्दाम खिशात चमचा घालूनच शाळेत यायची. दारातली धातू तपासणारी कमान वाजायची आणि शाळेवर नेमलेला पोलीस, ब्रॅनन, तिला बाजूला घ्यायचा. "आज चमच्यानं शाळा लुटणार काय गं? नाश्ता तरी केलास का?" तिनं नकारार्थी मान हलवली की तो पीनट बटरचं अर्धं सँडविच हातात ठेवायचा. आई रात्रपाळीहून येऊन झोपलेली असायची. नाश्त्याचं विचारणारा तो एकटाच. मग मार्चमध्ये मारामारीवरून त्यानंच तिच्या भावाला वर्गातून बेड्या घालून नेलं. वस्तीनं अर्ज केला, शाळेत पोलीस नको. आईपाठोपाठ केझियानंही त्यावर सही ठोकली. सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा कमान नव्हती, ब्रॅननही नव्हता. पोरं हसतखिदळत थेट आत शिरली. केझिया दारातच रेंगाळली, खिशातला चमचा मुठीत धरून. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "जा ना बाळा, आता कुणी अडवणार नाही."