तेरा टक्केवाला

"आधी आपलं राहतं घर सोडवायचं," क्लॅरी म्हणाला. "झोपताना डोक्यावरचं छप्पर तरी आपलं असावं."

"छप्पर गळतं तेव्हा बँक येते का बादली धरायला?" त्याच्या बायकोनं, नायरीनं, बटाटे सोलता सोलता विचारलं. "म्हणजे ते आपलंच आहे."

तीन आठवडे हेच चाललं होतं. ओमारू गावाजवळचा मटण गोठवण्याचा कारखाना बंद झाला आणि तीस वर्षांच्या नोकरीचे म्हणून क्लॅरीच्या हातात एकवीस हजार डॉलर पडले. वय छप्पन्न. या वयात दुसरी नोकरी कोण देणार?

घरं मात्र तीन होती, आणि तिन्ही गहाण. राहत्या घरावर बँकेचं कर्ज, दहा टक्क्यांनी. बंदराजवळच्या कॉटेजवर अकरा टक्क्यांनी. ती भाड्यानं दिलेली. तिसरं घर नायरीच्या आईचं. आई गेल्यावर भावंडं ते विकायला निघाली तेव्हा नायरीनं हट्टानं घेतलं. बँकेनं हात वर केले. मग पेटीग्रू वकिलांनी आपल्या कुणा अशिलाचे अठरा हजार तेरा टक्क्यांनी मिळवून दिले. अशील कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्याकडे तशी पद्धतच होती. चार वर्षं नुसतं व्याज जात होतं, मुद्दल होतं तिथंच. घरात त्या माणसाला 'तेरा टक्केवाला' म्हणत, आणि जेवताना त्याच्या नावानं बोटं मोडत.

नायरीला मात्र कुणालाच एक डॉलर द्यायचा नव्हता.

"पैसे बँकेत ठेवू," ती म्हणाली. "तुझी नोकरी गेलीय. उद्या गाडी बंद पडली, दात दुखला, तर काय तुझ्या कारखान्यातली सुरी विकायची?"

तेवढ्यात दारावर टकटक झाली. शनिवार होता, म्हणजे हॉजकिस. बंदराजवळच्या कॉटेजचे भाडेकरू. वय एकाहत्तर, बायको गेलेली, शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेलं. दर पंधरवड्याला नव्वद डॉलरचं पाकीट आणि स्वतः भाजलेले चीज स्कोन नावाचे छोटे पाव घेऊन येत, आणि चहाचे तीन कप झाल्याशिवाय हलत नसत.

"बाहेर रस्त्यावर ऐकू येतंय," ते खुर्चीत बसत म्हणाले. "कोण जिंकतंय?"

"तुम्हीच सांगा, मिस्टर हॉजकिस," नायरी म्हणाली. "हा माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

क्लॅरीनं सगळं सांगितलं. तीन घरं, तीन कर्जं, दहा, अकरा, तेरा. हॉजकिसनी पाकिटाच्या मागच्या बाजूला आकडे मांडले आणि चष्म्यावरून दोघांकडे बघितलं.

"तेरा टक्के? हा कोण लुटारू आहे?"

"आम्हालाही माहीत नाही. वकिलामार्फत घेतलं."

"नाव सांगायला लाजत असेल. क्लॅरी, बँकेत ठेवलेस तर सात टक्के मिळतील. राहत्या घराच्या कर्जात भरलेस तर दहा वाचतील. या बाबाला वर्षाला दोन हजार तीनशे चाळीस देतोस, ते आधी बंद कर."

"पण हातात काय राहील?" नायरी म्हणाली.

"तीन हजार. शिवाय महिन्याला जवळजवळ दोनशे वाचतील, ते साठव. पोरी, मी सहावीच्या मुलांना हेच शिकवायचो. सगळ्यात मोठं भोक आधी बुजवायचं. मुदतीआधी फेडलं तर दंड आहे का?"

"नाही."

"मग वाट कसली बघताय? हाकला त्याला!"

पुढचे दहा दिवस नायरीचं काही ठरेना. रात्री उठून पासबुक उघडायची, पुन्हा मिटायची. शेवटी बुधवारी सकाळी तिनंच कोट घातला. "चल. माझा विचार बदलायच्या आत चल."

पेटीग्रू वकिलांच्या टेबलावर क्लॅरीनं अठरा हजारांचा धनादेश ठेवला. कागदांवर सह्या झाल्या. बाहेर आल्यावर नायरी भर रस्त्यात रडली. आईचं घर आता कुणाकडे गहाण नव्हतं. क्लॅरीनं तिला मासे आणि बटाट्याच्या फोडी खाऊ घातल्या, आणि दोघं समुद्राच्या कडेला बसून तेरा टक्केवाल्याचा चेहरा कसा झाला असेल यावर पोट धरून हसली.

"आता चहात साखर कमी घालत असेल," क्लॅरी म्हणाला.

"घालू दे! चार वर्षं आपली खाल्लीय."

शनिवारी नायरीनं हॉजकिससाठी मुद्दाम सफरचंदाचा केक केला. त्यांच्यामुळेच तर हे झालं होतं. ते आले, पण हातात स्कोन नव्हते, पाकीटही नव्हतं. टोपी हातात धरून दारातच उभे राहिले.

"क्लॅरी, भाड्यासाठी दोन आठवडे थांबशील? मला फार लाज वाटतेय."

"अहो, आत तर या! झालं काय?"

"पेन्शनमध्ये माझं खाणं भागतं. भाडं मात्र व्याजातून भरतो. आयुष्यभराची शिल्लक पेटीग्रूंकडे दिली होती, अठरा हजार. कुणाला दिले, किती टक्क्यांनी, ते मी कधी विचारलं नाही. नाव कळलं की दया येते. चार वर्षं एक हप्ता चुकला नाही, इतकी सज्जन माणसं. आणि बुधवारी अचानक सगळे पैसे परत! धनादेश वटायला दोन आठवडे, आणि मग बँक देणार सात टक्के. मी कॉटेज सोडून जाऊ कुठं?"

नायरीनं क्लॅरीकडे बघितलं. क्लॅरी केककडे बघत होता.

"त्यांचा दोष नाही गं, पोरी," हॉजकिस खुर्चीत टेकत म्हणाले. "पण कुठल्या गाढवानं त्यांना असला सल्ला दिला, कोण जाणे!"